ऊस गेल्यावर घट्ट झालेलं रान: नांगर, सबसॉयलर की आणखी काही?

कृष्णाकाठ (ता. वाळवा)

रामराम मंडळी.

आमच्या रानातला प्रश्न मांडतोय, पण नदीकाठच्या प्रत्येक गावात तो थोड्याफार फरकानं असणारच. भारी काळी जमीन, तीन फुटांपर्यंत मुरूम लागत नाही. उसाची अडसाली (पावसाळ्यात केलेली, दीड वर्षाची) लावण, मग तिचा खोडवा (तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस), तो गेल्या दिवाळीनंतर तुटला. परतीचा पाऊस लांबला होता आणि रानात पाय ठरत नव्हता. पण तोडीची पाळी आली की टोळी थांबत नाही. भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढायला एकापुढं एक दोन ट्रॅक्टर जोडावे लागत होते. चाकोऱ्या पोटरीएवढ्या खोल पडल्या.

उन्हाळ्यात पलटी नांगरानं नांगरट केली, वळवानंतर रोटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) मारला. वरून बघणाऱ्याला रान एकदम भुसभुशीत. जूनमध्ये सोयाबीन पेरलं. उगवण उत्तम झाली आणि महिनाभरानं पट्टे दिसायला लागले. पिवळट, बुटके, सात-आठ फूट रुंद. पेरणीची तासं दक्षिणोत्तर आहेत आणि पट्टे मात्र तिरके, थेट बांधाच्या तोंडाकडं जाणारे. म्हणजे बियाणं नाही, खत नाही, पेरणी यंत्र नाही. ट्रॉल्या ज्या वाटेनं बाहेर गेल्या तीच वाट पिकात उमटली.

मग पट्ट्यात एक आणि बाजूच्या हिरव्या पिकात एक असे दोन खड्डे घेतले. पट्ट्यातल्या खड्ड्यात वरची पाच इंच माती मोकळी. त्याखाली नऊ इंचांपर्यंत ढेकळं, त्यांच्या कडा चकचकीत, जणू कुणी थापीनं घोटल्यात. आणि त्याच्याखाली चार इंचांचा एक थर, ज्यात कुदळ टणकन वाजते. त्याचे तुकडे काढले तर आडवे पापुद्रे निघतात. पापुद्र्यांच्या मध्ये मातीला निळसर करडी झाक आणि आंबूस वास. सोयाबीनचं मुख्य मूळ सरळ खाली येतं, त्या थराला टेकतं आणि काटकोनात वळून आडवं पळतं. गाठी मोजक्या, फोडल्या तर आतून गुलाबी नाहीत, फिकट हिरव्या. हिरव्या पिकातल्या खड्ड्यात तोच थर आहे, पण पातळ, आणि त्याला एक जुनी भेग गेलीय. मुळं त्या भेगेतून दीड फुटाच्या खाली उतरलीत.

आता पुढं काय करावं? नांगर आणखी खोल घालायचा, सबसॉयलर (माती न उलटता खालचा घट्ट थर फोडणारा खोल फण) लावायचा, की नांगरटच बंद करायची? गावात तिन्ही मतांची माणसं आहेत आणि तिन्ही मतांच्या माणसांचा ऊस चांगला आहे. म्हणून इथं विचारतोय.

कोयनाथडी (कराड)

दादा, खड्डा घेतलात हे लई बरं केलंत. लोक वरून रान बघतात आणि रोटरवाल्याला फोन लावतात.

आमच्या वडिलांच्या हाताखाली बघितलेलं सांगतो. ऊस गेला की त्या रानात लगेच नांगर जात नव्हता. आहे त्या ओलीवर हरभरा टाकायचा. तो निघाला की फाल्गुनात रानाला भेगा पडायच्या, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. मग चैत्रात नांगरट, आणि ढेकळं तशीच उन्हात पडू द्यायची, फोडायची नाहीत. वळीव झाला की तीच ढेकळं आपोआप उमलायची. कुळवाची उथळ पाळी दिली की पेरणीला कुरी धरायची.

आणि खोल नांगरट आमच्या घरात होती ती हरळी-कुंद्याच्या तणासाठी. तुमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि लोखंडी नांगर आपल्या भागात आला, तेव्हा जमिनीला लोखंडाची बाधा होईल म्हणून लोक घाबरत होते असं म्हातारी माणसं सांगायची. पुढं ज्यांची रानं हरळीनं गेली होती त्यांनीच तो आधी धरला. दरवर्षी नांगरायचं हा नेम नव्हता. हरळी दिसली की नांगर, नाहीतर कुळव.

आता ऊस तुटल्यापासून पंधरा दिवसांत दुसरं पीक उभं करायची घाई. रानाला भेग पडायला उसंत कुठं आहे?

काळीआई (सांगली)

मी कृषी पदवीधर, मृदाशास्त्र हा माझा विषय. काकांनी सांगितलेल्या भेगा ही या सगळ्याची किल्ली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कृष्णाकाठच्या भारी जमिनीत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त चिकणमाती असते आणि ती बरीचशी स्मेक्टाईट नावाच्या खनिजांच्या गटातली. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. या फुगण्या-आकसण्यातून भेगा पडतात, घट्ट ढेकूळ आतून तडकतं, आणि त्या तड्यांतून पुढच्या पिकाची मुळं खाली जातात. नांगर जिथं पोचत नाही तिथं ही भेग पोचते. तुमच्या हिरव्या खड्ड्यात नेमकं तेच झालंय. पण अडसाली ऊस सोळा ते अठरा महिने, त्यावर वर्षभर खोडवा, आणि सगळा काळ पाटपाणी. दीड फुटाखालची माती जवळपास अडीच वर्षं वाळतच नाही. चाकं वरून दाबत राहतात आणि भेगांचा उपाय मात्र बंद पडलेला असतो.

आता हा थर कुठून आला ते बघा. तुमच्या खड्ड्यात खरं तर दोन-तीन थर एकावर एक बसलेत. रोटरची पाती दर वेळी त्याच खोलीवर फिरतात, पाच-सहा इंचांवर. माती ओली असेल तर पात्याचा मार त्या तळाला चोपून लिंपतो. मोकळ्या मातीच्या खाली लगेच चकचकीत कडा दिसल्या त्या याच्या. त्याखालचा नांगराचा तळ. पलटी नांगर चालताना ट्रॅक्टरची एका बाजूची चाकं उघड्या तासात चालतात, हे सगळ्यांनी बघितलंय. वरची नऊ इंच माती आपण उलटतो आणि तिच्याखालच्या, कधीच न हलवलेल्या मातीवर थेट चाक घालतो. दरवर्षी त्याच खोलीवर. आणि त्याच्याही खाली ट्रॉलीचा दाब.

ट्रॉलीचा दाब वेगळा का? वरच्या पाच-सहा इंचांत किती दाब पडणार हे टायरमधल्या हवेवर ठरतं. पण दाब किती खोल जाणार हे एका आसावर एकूण किती वजन आहे त्यावर ठरतं. टायर रुंद केला तर वरची माती वाचते, खालची तेवढी वाचत नाही. आसावर १० टन वजन असेल तर ओल्या मातीत ४० सेंटीमीटरच्या खालीही दाब पोचतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो, हे स्वीडनसारख्या देशांतल्या दीर्घ प्रयोगांत दिसलंय. तिथं दर हिवाळ्यात माती गोठते आणि फुगते, तरीसुद्धा खालचा दाब निघत नाही. भरलेल्या ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस सहज असतो. शिवाय बहुतेक नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होतं. म्हणून दहा ट्रॉल्या दहा वाटांनी गेल्या तर ते एकाच वाटेनं दहा वेळा जाण्यापेक्षा जास्त वाईट.

मुळांचं गणित असं. चिकणमातीची घनता साधारण १.२ ते १.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर असेल तर मुळं आरामात चालतात. १.४ च्या पुढं अडायला लागतात आणि १.५ च्या आसपास जवळजवळ थांबतात. दाबाच्या भाषेत, टोकदार दांडा जमिनीत घुसवायला दर चौरस सेंटीमीटरला २० किलोपेक्षा जास्त जोर लागला तर बहुतेक पिकांची मुळं तिथं वाढ थांबवतात. हे मोजमाप वाफशावर, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं असताना, करायचं. वाळलेली काळी माती कुठलीही कठीणच लागणार.

पिवळेपणाचं कारण निव्वळ मूळ अडलं एवढंच नाही. मातीच्या आकारमानात निदान दहा टक्के जागा हवेनं भरलेली असावी लागते. त्या थरावर जुलैचं पाणी साचून राहिलं की हवा संपते, गाठींमधले जिवाणू काम थांबवतात, आणि जमिनीतल्या नायट्रेटचं वायूत रूपांतर होऊन नत्र उडून जातं. निळसर झाक आणि आंबूस वास हा त्याचाच पुरावा. म्हणून वरून युरिया फेकून पट्टा थोडे दिवस हिरवा होईल, पण पुढं ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली की तोच पट्टा सगळ्यात आधी माना टाकेल. कारण त्या झाडाच्या वाट्याला नऊच इंच माती आहे.

पोकळफण (ता. मिरज)

माझा भाड्यानं मशागत करायचा धंदा. ताईंनी तासातल्या चाकाचं लिहिलं ते शंभर टक्के खरं, आणि ते कुणी बोलत नाही.

सबसॉयलरबद्दल सांगतो, कारण त्याची आता फॅशन झालीय. हे अवजार कोरड्या रानाचं आहे. थर कोरडा असेल तर फण खालून जाताना माती वर उचलली जाते, दोन्ही बाजूंना तडे जातात, उभं राहिलं तर पायाखाली जमीन हललेली कळते. तेच रान ओलं असेल तर नुसती चीर पडते, बाजूची माती जागची हलत नाही, आणि चिरेच्या दोन्ही कडा घोटल्या जातात. पैसे गेले, डिझेल गेलं, थर आहे तिथंच.

ओल बघायची पद्धत सोपी आहे. ज्या खोलीवर फण जाणार त्या खोलीची माती काढा, वरची नको. तळहातावर वळा. तीन मिलिमीटरची, म्हणजे जाड सुतळीएवढी, वळी सलग झाली तर रान ओलं आहे. वळता वळता तुकडे पडले तर नांगर आणि कुळव चालेल. सबसॉयलरला त्याहून कोरडं पाहिजे, ढेकूळ हातानं फुटायला जोर लागावा इतकं. आमच्याकडं हे एप्रिल-मे शिवाय जमत नाही. गिऱ्हाईक फोन करतं डिसेंबरात, ऊस गेल्या गेल्या.

खोलीबद्दल गैरसमज फार. दोन फूट घाला, अडीच फूट घाला. थर जिथं संपतो त्याच्या खाली दोन इंच फण गेला की पुरे. तुमच्या खड्ड्यात थर साधारण तेरा इंचांवर संपतो, म्हणजे पंधरा-सोळा इंच बास. प्रत्येक फणाची एक मर्यादा असते, त्याखाली तो माती उचलत नाही, बाजूला दाबत जातो. म्हणजे तुम्ही खाली नवा दाब तयार करताय. दोन चिरांमधलं अंतर खोलीच्या सव्वा-दीडपट ठेवा. पंधरा इंच खोल जाणार असाल तर दीड ते पावणेदोन फुटांवर. चार-चार फुटांवर मारून एकर लवकर उरकणारे आहेत, पण त्यात मधला पट्टा तसाच राहतो.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी नांगरून मग सबसॉयलर घातला तर मोकळ्या मातीत चाक घसरतं, दाबतं, आणि ओढ मिळत नाही. घट्ट रानावर आधी सबसॉयलर, मग वरचं हलकं काम. एका फणाला ५० एचपीचा ट्रॅक्टर काळ्या रानात जेमतेम पुरतो.

शाळूवाला (ता. आटपाडी)

पूर्व भागाचं वेगळं आहे म्हणून लिहितो. आमच्याकडं सात-आठ इंच माती आणि खाली मुरूम. तिथं खोल नांगर घातला तर मुरूम वर येतो आणि ओल उडते. आम्हाला खालच्या थराचा त्रास नाही, वरची पापडी छळते. जोरदार पाऊस पडून ऊन पडलं की पापडी बसते आणि पुढचं पाणी वाहून जातं. त्यावर कुळवाची उथळ पाळी आणि उतारानुसार बंदिस्त वाफे, जेणेकरून सप्टेंबरचा पाऊस रानातच मुरेल. शाळू त्या ओलीवर निघतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून काही जणांनी नदीकाठचं बघून दरवर्षी नांगरट सुरू केलीय. हलक्या रानात ती कशासाठी, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

पाचटराखा (ता. पलूस)

मी जरा वेगळं बोलणार आहे. नांगरानं केलेला थर फोडायला सबसॉयलर, सबसॉयलरनं मोकळी झालेली माती बसवायला रोटर, रोटरनं केलेला थर फोडायला पुन्हा नांगर. हे चक्र कुठं तरी तोडायला हवं.

आमच्याकडं खोडव्यात मशागत शून्य. पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळत नाही. बुडखे जमिनीलगत छाटून घेतो, पाचट सरीत दाबतो, टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. बगला (वरंब्याच्या बाजू) फोडत नाही. खत पहारीनं, बुडख्यापासून चार-पाच इंचांवर सहा-सात इंच खोल भोक घेऊन. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. ही काही माझी कल्पना नाही, फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस आहे. जुन्या मुळ्या कुजून त्यांच्या नळ्या तयार होतात, गांडुळं वर येतात, आणि पाणी द्यायला गेलं की सरी पूर्वीपेक्षा लवकर पिते.

जमिनीची रचना हातानं करता येत नाही. मुळं आणि किडेमुंग्या ती करतात आणि नांगर दरवर्षी ती मोडतो.

काळीआई

पाचटराखा दादा, तुमच्या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि रचनेबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. नांगरटीनं हवा आत जाते, सेंद्रिय कर्ब वेगानं जळतो आणि मातीचे कण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ कमी होतो. मग तीच माती पुढच्या चाकाखाली आणखी सहज दबते. खोल मोकळं केलेलं रान सगळ्यात नाजूक असतं, त्यावर पहिलंच चाक जड गेलं तर आधीपेक्षा जास्त घट्ट होतं.

पण कृष्णाकाठ दादांच्या पट्ट्यात आजच नांगरट बंद केली तर? मुळं नऊ इंचांवर अडली आहेत. जी मुळं खाली जातच नाहीत त्यांच्या नळ्या खाली कशा तयार होणार? थर बसलेल्या रानात थेट विनानांगरट सुरू केल्यावर पहिली काही वर्षं पीक मार खातं आणि शेतकरी कंटाळून पुन्हा रोटरकडं वळतो. म्हणून माझं मत असं: थर खड्ड्यात दिसत असेल तर एकदा कोरड्यात तो फोडा, फक्त जिथं आहे तिथंच फोडा, आणि त्यानंतर मात्र पाचटराखा दादांच्या वाटेनं चला. खड्ड्यात थर दिसत नसेल तर नांगर शेडमध्येच राहू द्या.

आणि फोडण्याआधी माती वाळवायची कशी, इथं कोयनाथडी काकांचा हरभरा येतो. लोकांना वाटतं, ऊस गेल्यावर लगेच नांगरलं की रान लवकर वाळतं. वरचं वाळतं. पण वरची मोकळी कोरडी माती पांघरुणासारखी बसते आणि खालची ओल अडकते. दीड फुटावरची माती वाळवायची असेल तर तिथलं पाणी मुळांनीच ओढलं पाहिजे. ओली असताना थराची ताकद कमी असते, तेव्हाच मुळं त्यात शिरतात, मग पाणी ओढतात आणि माती आतून तडकते. ऑस्ट्रेलियातले कापूस शेतकरी अशाच काळ्या जमिनीत कापसानंतर गहू किंवा करडई याच कारणासाठी घेतात. करडईचं मूळ आपल्या रब्बी पिकांत सगळ्यात खोल जाणाऱ्यांपैकी आहे. एकही पाणी न देता घ्यायची.

द्राक्षकर (तासगाव)

बागेतलं दुखणं थोडक्यात. फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर एका हंगामात त्याच दोन चाकोऱ्यांतून इतक्या वेळा जातो की ती जागा रस्ता होते. पावसानंतर डाऊनी रोगाच्या भीतीनं ओल्यातच फवारायला जावं लागतं, तिथं वाफसा बघायची सोय नाही. म्हणून आम्ही चाकाची पट्टी सोडून दिलीय, ती मोकळी करायच्या नादाला लागत नाही. मुळं बोदात (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात) ठेवायची. खरड छाटणीच्या वेळी बोदाच्या कडेनं, चाकोरीच्या आत, चर घेऊन शेणखत भरायचं आणि दरवर्षी बाजू बदलायची. मधल्या पट्टीत गवत कापून तिथंच टाकलं की चाक तेवढं रुतत नाही.

गादीवाफा (ता. मिरज)

हळदीत थर लगेच कळतो. काढणीला कंद हातात घेतला की बोटं खाली न जाता वर वळलेली, चपटी, आणि गड्ड्याच्या बुडाला सड. गादीवाफ्यावर घेतल्यापासून फरक पडला, कारण ट्रॅक्टरचं चाक सरीत राहतं आणि कंदाची माती कुणी तुडवत नाही. पण वाफा उंच केला म्हणून खालचा निचरा आपोआप होत नाही. वाफ्याखाली थर असेल तर पाणी तिथं थांबतं आणि कंदकूज तिथूनच सुरू होते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट मात्र कुणी धरली नाही. थर फोडला, करडई घेतली, पाचट ठेवलं, सगळं केलं. अडसाली पुन्हा तुटणार ती पुन्हा दिवाळीच्या आगेमागे. ट्रॉली पुन्हा येणार. तोडीची तारीख माझ्या हातात नाही, टोळी माझ्या हातात नाही. मग चाकाचं काय?

काळीआई

हाच खरा प्रश्न आहे आणि ऊस पिकवणाऱ्या सगळ्या मुलखांना तो पडलाय. क्वीन्सलँडमध्ये वर्षानुवर्षं ऊस घेतलेल्या जमिनींचं उत्पादन का घसरतंय हे शोधायला १९९३ पासून मोठं संयुक्त संशोधन झालं. त्यांच्या सऱ्या दीड मीटरच्या आणि तोडणी यंत्राच्या चाकांमधलं अंतर त्याहून जास्त, त्यामुळं दरवर्षी चाकं ओळीच्या बाजूलाच चढायची. त्यांनी अवजार बदललं नाही, ओळी बदलल्या. सरी १.८ मीटरच्या आसपास नेली, चाकाची वाट कायमची एकच ठेवली, त्या वाटेवर ऊस नाही आणि उसाच्या पट्ट्यावर चाक नाही. मधे सोयाबीनसारखं शेंगवर्गीय पीक आणि कमीत कमी मशागत.

आपल्याकडं याची ओळख नवी नाही. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ पाटणचेरूला काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली, तिचं तत्त्व तेच: चाक आणि बैल सरीत, पीक वरंब्यावर. सोयाबीनला याच पद्धतीचं बीबीएफ यंत्र वापरणारे आता वाळवा-पलूसला भरपूर आहेत.

पोकळफण

दादा, रानातलं सांगतो, जमेल तेवढं घ्या.

सरी पाच फुटांची सोडा. साडेचारला ट्रॅक्टर जेमतेम बसतो आणि बाळभरणीलाच (उसाला पहिली माती लावतानाच) चाक बुडख्यावर चढतं. फडातून ट्रॉली तिरकी जाऊ देऊ नका. तुमचे पट्टे तिरके आहेत म्हणजे प्रत्येक ट्रॉलीनं बांधाच्या तोंडाकडं जवळची वाट धरली. बांधाला तोंड सऱ्यांच्या टोकाला काढा आणि सऱ्यांना आडवी एक दहा फुटांची वाट सोडून द्या. तेवढी जागा गेली असं वाटतं, पण तिरक्या पट्ट्यांत त्याच्या कितीतरी पट जाते. ट्रॉली सरीच्या दिशेनं आत, त्याच सरीतून बाहेर, आणि आडव्या वाटेनं रस्त्यावर. रान चिखलात असेल तर मुकादमाशी आधीच बोलून मोळ्या वाटेपर्यंत डोक्यावर आणायचं ठरवा. त्याचे जादा पैसे मागतात आणि ते द्यावेत, त्या माणसांचे कष्ट आहेत. बैलगाडीची टोळी मिळाली तर फारच उत्तम. आमच्या बाजूचा एक कारखाना अजून काही गावांत गाड्या देतो. बाकी ठिकाणी ट्रॉलीच आत घाला असा आग्रह असतो आणि चाकोऱ्यांची भरपाई कुणी देत नाही.

हार्वेस्टर येणार असेल तर तो एकटाच दहा-पंधरा टनांच्या घरात असतो. त्याला वाफसा नसलेल्या रानात घालू देऊ नका, यासाठी भांडण झालं तरी चालेल.

दुधगावकर (ता. मिरज)

माझ्या रानातही असेच पिवळे पट्टे आहेत. सबसॉयलर मारला, पहिल्या पाण्यानंतर पुन्हा तसंच. वरून पाणी गढूळ होऊन साचतं आणि वाळल्यावर पांढरट खपली.

काळीआई

दादा, तुमचं दुखणं बहुतेक वेगळं आहे. सबसॉयलरवर पुन्हा खर्च करू नका, आधी मातीची तपासणी करा. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण जमीन आहे. सोडियममुळं मातीचे कण पाण्यात सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात, त्यामुळं फोडलेली चीर पहिल्याच पाण्यात बुजते. तिथं आधी निचऱ्याची वाट, चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप, मग जिप्सम, मग धैंचा हे हिरवळीचं पीक. जिप्सम किती टाकायचं हे तपासणीच्या अहवालावर ठरतं, शेजाऱ्यानं किती टाकलं त्यावर नाही. धैंचा चिबाड (साचलेलं पाणी) आणि खारेपणा दोन्ही सोसतो. ताग साचलेल्या पाण्यात टिकत नाही.

कृष्णाकाठ

कारखान्याकडून मातीचा अहवाल आणला होता, सामू ७.९ आहे, म्हणजे आमचं चोपण नाही.

मग असं ठरवतो. सोयाबीन निघालं की नांगर न घालता तासाच्या ओलीवर करडई, पाणी बंद. फाल्गुनात ती निघाली की पुन्हा खड्डे घेणार, पट्ट्यात आणि बाहेर. एप्रिलमध्ये थर कोरडा झाला असेल तर फक्त तिरक्या पट्ट्यांत सबसॉयलर, उरलेल्या रानाला हात नाही. त्यावर एकदा कुळव. मेअखेरीस एकरी वीस-पंचवीस किलो धैंचा. जुलैत पाच फुटांची सरी. धैंचा गाडायला रोटर लावायचा की नाही, एवढंच कळत नाही. जुलैत रान ओलं असणार.

पाचटराखा

रोटर नको दादा. फूल लागायच्या आधी, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, वाफसा असताना सरी सोडतानाच तो वरंब्यात दाबला जातो. काही वर राहिला तर राहू दे, पाचटासारखा कुजतो. सरी जूनच्या पहिल्या आठवड्यातच सोडून धैंचा वरंब्यावर टोकलात तर जुलैत फक्त विळ्यानं कापून सरीत अंथरायचा, चाक आत जायचंच नाही. आम्ही तसंच करतो. मजूर लागतात, पण दोन दिवसांचं काम.

कोयनाथडी

करडईला काटा असतो, काढणीला माणसं कुरकुरतात. पहाटे दव असताना काढा, काटा मऊ असतो. आणि मळणीयंत्र बांधावरच उभं करा, रानात नको.